घरातलं मेश वाय-फाय: पन्नास वर्षांपूर्वीच कळलेली किंमत

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी नवीन मेश वाय-फाय आणून बसवलं होतं. दोन डबे. एक हॉलमध्ये, दुसरा थेट मागच्या खोलीत, कारण "तिथेच तर रेंज येत नाही!" आता मागच्या खोलीत फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत होत्या, पण व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचा चेहरा गोठायचा. मी दुसरा डबा उचलून मधल्या पॅसेजमध्ये ठेवला. मागच्या खोलीतली एक रेघ कमी झाली आणि कॉल सुरळीत चालू लागला. बाबांना हे अजिबात पटलं नाही. रेंज कमी आणि स्पीड जास्त, असं कसं?

या "असं कसं"चं उत्तर त्या डब्याच्या माहितीपत्रकात मिळत नाही, इतिहासात मिळतं. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हा इतिहास आणखी एका कारणासाठी वाचा. यात हुशार माणसं बराच काळ चुकीची गोष्ट मोजत होती, आणि ते लक्षात आल्यावर सगळा विषय बदलला.

आधी कल्पना, मग रेडिओ

मेश म्हणजे जाळं. त्यात प्रत्येक नोड स्वतःचं काम करतो आणि दुसऱ्याचा निरोपही पुढे नेतो. याची नीट मांडणी १९६४ मध्ये पॉल बॅरन यांनी रँड कॉर्पोरेशनमध्ये केली. त्यांच्यासमोरचा प्रश्न लष्करी होता: काही केंद्रं उद्ध्वस्त झाली तरी निरोप पोचले पाहिजेत. त्यांचं उत्तर होतं, निरोपाचे तुकडे करा, प्रत्येक नोडला अनेक शेजारी द्या, आणि तुकड्यांना जो मार्ग शिल्लक असेल त्यानं जाऊ द्या. एक नोड बंद पडला तर दुसऱ्या वाटेनं जायचं हा गुण आज मेशच्या जाहिरातीत पहिल्या ओळीत असतो, तो इथून आलाय.

पण बॅरन यांचं गणित एका नोडपासून दुसऱ्यापर्यंतच्या स्वतंत्र दुव्यांचं होतं. हवा तशी नसते. हवा सगळ्यांची सामाईक असते. जून १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांचं अलोहानेट सुरू झालं, तेव्हा हे आकड्यांत समोर आलं. वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनल्स एकाच रेडिओ चॅनेलवर ओआहू बेटावरच्या संगणकाशी बोलायची. नियम साधा होता: पाठवायचं असेल तेव्हा पाठवा, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा पाठवा. या पद्धतीत चॅनेलची क्षमता जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास वापरता येते. बाकीचा वेळ टकरींत किंवा रिकामा जातो.

मग पाठवण्याआधी ऐकून घ्यायचं, कुणी बोलत असेल तर थांबायचं, ही सुधारणा आली. तीही पुरेशी नाही हे १९७५ मध्ये टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी दाखवलं. हॉलमधला आणि मागच्या खोलीतला नोड एकमेकांना ऐकूच येत नसतील, पण दोघंही पॅसेजमधल्या नोडशी बोलत असतील, तर दोघांनाही वाटणार हवा मोकळी आहे, आणि टक्कर पॅसेजमध्ये होणार. याला 'हिडन टर्मिनल'चा प्रश्न म्हणतात. तुमच्या घरातल्या भिंती आजही हाच प्रश्न रोज निर्माण करतात.

१९७३ पासून अमेरिकेच्या डार्पा या संस्थेनं सॅन फ्रान्सिस्को परिसरात पॅकेट रेडिओ नेटवर्क उभारलं. उंचावर रिपीटर बसवले, एका व्हॅनमध्ये रेडिओ ठेवला. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी त्या धावत्या व्हॅनमधून निघालेली पॅकेट्स तीन वेगळ्या नेटवर्कमधून प्रवास करून पोचली. इंटरनेटच्या इतिहासात हा प्रयोग सांगितला जातोच. आपल्यासाठी त्यातला दुसरा तपशील महत्त्वाचा आहे. मार्ग ठरवायला सुरुवातीला एक मध्यवर्ती स्टेशन होतं, पुढे ते काम नोड्समध्येच वाटलं गेलं. मध्यवर्ती की वाटलेलं, हा वाद लक्षात ठेवा. तो शेवटी परत येणार आहे.

फुकटची हवा आणि कागदावरची मर्यादा

१९८५ मध्ये अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झसारखे पट्टे अशा रेडिओंसाठी विनापरवाना खुले झाले. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं, १९९९ मध्ये त्याची ११ एमबीपीएसची 'बी' आवृत्ती. रेडिओ कार्ड स्वस्त झाली आणि "सगळं शहर मेशनं जोडू" अशी स्वप्नं पडायला लागली.

त्याच वेळी दोन पेपर आले. २००० मध्ये पियुष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी गणितानं दाखवलं की जाळ्यात नोड वाढवत गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटत जातो. ढोबळमानानं नोड चौपट, तर वाटा निम्मा. २००१ मध्ये एमआयटीच्या गटानं साधी साखळी तपासली: एकामागोमाग एक नोड, सगळे एकाच चॅनेलवर. लांब साखळीत आदर्श परिस्थितीतसुद्धा चॅनेलच्या क्षमतेचा पाव भागच हाती लागतो. ८०२.११ वापरून सिम्युलेशन केलं तर साधारण सातवा भाग.

कारण अवघड नाही. रेडिओ एकच असेल तर नोड एका वेळी एक तर ऐकतो, नाहीतर बोलतो. हॉलमधून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून मागच्या खोलीत जाताना तोच डेटा हवेत दोनदा फिरतो. म्हणून दोन हॉप म्हणजे निम्मा वेग, तीन हॉप म्हणजे तिसरा हिस्सा. मेशची मूळ किंमत हीच, आणि ती कुठल्याही कंपनीच्या इंजिनिअरला पूर्णपणे माफ करून घेता आलेली नाही.

गच्चीवर गेल्यावर काय दिसलं

आता आपल्या गोष्टीतलं वळण. तोवरचे बरेचसे राउटिंग प्रोटोकॉल सिम्युलेशनमध्ये वाढले होते. तिथे गृहीतक असं असायचं की दोन नोड ठरावीक अंतरात असतील तर लिंक आहे, नसतील तर नाही. मग उत्तम मार्ग कुठला? ज्यात हॉप कमी तो.

एमआयटीच्या रूफनेट प्रकल्पात स्वयंसेवकांच्या घरांच्या छपरांवर खरे अँटेना लावले गेले. केंब्रिज शहरात साधारण चार चौरस किलोमीटरमध्ये पसरलेले ३७ नोड. मोजमाप केल्यावर कळलं की "आहे" आणि "नाही" यांच्या मधल्याच लिंक जास्त आहेत: काही पॅकेट पोचतात, काही हरवतात. नुसत्या अंतरावरून किंवा सिग्नलच्या ताकदीवरून ते नीट सांगताही येत नाही. आणि कमी हॉपचा मार्ग निवडणारा प्रोटोकॉल नेमक्या लांब, फुटक्या लिंक निवडतो, कारण लांब उडी मारली की हॉप कमी होतात!

याच गटानं २००३ मध्ये ईटीएक्स नावाचं माप मांडलं. एक पॅकेट यशस्वीपणे पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल, एवढंच ते मोजतं. उदाहरण घ्या. हॉल ते मागची खोली या थेट लिंकवर जाताना निम्मी पॅकेट पोचतात आणि परतीची पोचपावतीही निम्म्याच वेळा येते. म्हणजे यशाची शक्यता ०.५ × ०.५ = ०.२५, आणि ईटीएक्स ४. पॅसेजमार्गे दोन उत्तम लिंक असतील तर ईटीएक्स १ + १ = २. हॉप दुप्पट, पण खर्च निम्मा.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ना? फोनवरच्या रेघा फोन आणि जवळचा डबा यांच्यातली लिंक दाखवतात. त्या डब्यापासून हॉलपर्यंतच्या लिंकबद्दल त्या एक शब्द बोलत नाहीत. दुसरा डबा मागच्या खोलीत होता तेव्हा फुटकी होती ती लिंक.

रूफनेटवर दोन नोडमधला सरासरी वेग ६२७ केबीपीएस मिळाला. ११ एमबीपीएसच्या रेडिओवर! वाचताना निराशा वाटेल. पण कुठलंही नियोजन न करता, जिथे छप्पर मिळालं तिथे अँटेना लावून, थोड्याशा इंटरनेट जोडण्यांवर हे सगळं चालत होतं. २००५ च्या त्या पेपरमध्ये दोन्ही बाजू मांडल्या आहेत, म्हणून तो अजून वाचावा असा आहे.

त्याच काळात आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या 'डिजिटल गँजेटिक प्लेन्स' प्रकल्पात उलटा प्रश्न हाताळला जात होता. घरांची गर्दी नव्हती, गावागावांत कित्येक किलोमीटरचं अंतर होतं. उंच टॉवर, दिशा धरून लावलेले अँटेना, आणि तेच स्वस्त वाय-फाय. भास्करन रमण आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये दाखवलं की अशा ठिकाणी "ऐका मग बोला" हा नियमच अडचणीचा ठरतो. त्यांचा उपाय होता, नोडनं आपल्या सगळ्या लिंकवर एकाच वेळी पाठवायचं, नंतर सगळ्यांवर एकाच वेळी ऐकायचं. उपकरण तेच, जागा वेगळी, म्हणून संशोधनाचा प्रश्नही वेगळा. दोघंही पुढे आयआयटी मुंबईत आले.

छपरावरून हॉलमध्ये

रूफनेटमधल्या संजित बिस्वास आणि जॉन बिकेट यांनी २००६ मध्ये मेराकी कंपनी काढली. २०१२ मध्ये सिस्कोनं ती सुमारे १.२ अब्ज डॉलरला घेतली. ८०२.११एस हे मेशचं अधिकृत मानक २०११ मध्ये आलं. त्यातलं मूळ माप 'एअरटाइम', म्हणजे एक फ्रेम पाठवायला हवा किती वेळ अडते ते. ईटीएक्सचंच भावंड म्हणा.

घरगुती मेश बाजारात खऱ्या अर्थानं आलं २०१६ मध्ये: इरो, नेटगिअर ऑर्बी, गूगल वायफाय. त्यांनी जुन्या मर्यादेशी झगडा न करता तिला वळसा घातला. नोड शेकडो ठेवले नाहीत, दोन-तीनच ठेवले. ऑर्बीनं डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी, म्हणजे बॅकहॉलसाठी, वेगळा रेडिओच दिला. आणि मार्ग ठरवण्याचं काम? २०१८ च्या वाय-फाय इझीमेश या प्रमाणपत्रात एक 'कंट्रोलर' आणि बाकीचे 'एजंट' अशी रचना आहे. १९७० च्या दशकातलं मध्यवर्ती स्टेशन परत आलं, बरं का.

मग घ्यायचं की नाही?

फायदे खरे आहेत. घरभर एकच नाव, एकच पासवर्ड. सेटिंग सोपं. डबा वाढवला की जाळं वाढतं. दोनपेक्षा जास्त डबे असतील आणि एक बंद पडला तर उरलेले दुसरी वाट शोधू शकतात. जाड भिंतींच्या, लांबट किंवा दुमजली घरात याला तोड नाही.

तोटेही तेवढेच खरे. दोन रेडिओंच्या स्वस्त संचात बॅकहॉल आणि तुमचा फोन एकाच चॅनेलवर भांडतात. प्रत्येक हॉपला थोडा उशीर वाढतो, तो गेम आणि कॉलमध्ये जाणवतो. डबा कधी बदलायचा हे शेवटी फोन ठरवतो, त्यामुळे काही फोन लांबच्या डब्याला चिकटून बसतात. बऱ्याच कंपन्यांचे डबे दुसऱ्या कंपनीच्या डब्यांशी जुळत नाहीत, काहींना तर कंपनीचं खातं उघडल्याशिवाय सुरूच करता येत नाही. आणि आपल्याकडची गोष्ट: वीज गेली की नुसता राउटर इन्व्हर्टरवर असून भागत नाही, प्रत्येक डबा हवा.

म्हणून छोट्या वन बीएचकेमध्ये आहे तोच राउटर कोपऱ्यातून मध्यभागी आणून बघा. मेश घेतलंच तर दुसरा डबा रेंज संपते तिथे ठेवू नका, रेंज अजून चांगली आहे तिथे ठेवा. आणि डब्यांमध्ये लॅनची केबल टाकता आली तर जरूर टाका. मग तोच डेटा हवेत दोनदा फिरत नाही.

तुमच्यासाठी घरचा अभ्यास

शेवटी एक छोटा प्रयोग सुचवते. आयपर्फ हे मोफत साधन एका लॅपटॉपवर चालवा, तो केबलनं मुख्य डब्याला जोडा. दुसरा लॅपटॉप मागच्या खोलीत न्या. दुसरा डबा तीन वेगवेगळ्या जागी ठेवून वेग आणि उशीर मोजा. सकाळी, दुपारी आणि रात्री शेजाऱ्यांचं वाय-फाय जोरात असताना, प्रत्येक वेळी किमान दहा मोजमापं. नुसती सरासरी लिहू नका, सगळ्यात वाईट आकडाही लिहा, कारण कॉल त्याच क्षणी गोठतो. शेजारी फोनवरच्या रेघाही नोंदवा.

मग रेघा आणि वेग यांचा आलेख काढा. तो सरळ रेषेत आला नाही तर घाबरू नका, प्रयोग फसलेला नाही. रूफनेटच्या लोकांनाही छपरांवर असंच काहीतरी दिसलं होतं. त्यांनी ते "डेटा खराब आहे" म्हणून बाजूला टाकलं नाही, एवढंच.