इ. स. १७०० ची ‘अनाथ’ त्सुनामी : लिखित साधने व निसर्गातील पुरावे

प्रस्तावना :

इतिहासलेखनात लिखित साधनांना अग्रस्थान दिले जाते. त्यामुळे जेथे लेखनपरंपरा नव्हती, अशा प्रदेशातील घटनांचा कालनिर्णय अवघड ठरतो. उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा हे त्याचे ठळक उदाहरण होय. युरोपीय दर्यावर्दींच्या तेथील नोंदी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतात. तरीही २६ जानेवारी १७०० रोजी रात्री नऊच्या सुमारास तेथे प्रचंड भूकंप झाला, असे आज सांगता येते. हा निष्कर्ष कसा हाती आला, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जपानमधील नोंदी :

गेनरोकू कालखंडाच्या बाराव्या वर्षी, बाराव्या महिन्यात, जपानच्या पूर्व किनाऱ्यावर अचानक लाटा आल्या. कुवागासाकी येथे १३ घरे लाटांनी नष्ट झाली व त्यानंतर लागलेल्या आगीत २० घरे जळाली. मिहो गावच्या प्रमुखाने वृद्ध व मुलांना सुरक्षित स्थळी हलविले. परंतु भूकंप जाणवला नसताना समुद्र असा का उसळला, याचे त्याला नवल वाटले. जनक भूकंप अज्ञात असल्याने अभ्यासकांनी या त्सुनामीला पुढे ‘अनाथ’ म्हटले.

त्सुनामीची निर्मिती व प्रवास :

या प्रश्नाचे उत्तर त्सुनामीच्या स्वरूपातच दडलेले आहे. वायव्य अमेरिकेच्या किनाऱ्यालगत कॅस्केडिया पट्ट्यात ह्वान द फूका भूपट्ट उत्तर अमेरिकन भूपट्टाखाली सरकतो. शतकानुशतके साचलेला ताण एकाएकी मोकळा झाला की समुद्रतळ उचलला जातो व त्यावरील संपूर्ण जलस्तंभ ढळतो. सुमारे ४,००० मीटर खोल पाण्यात ही लाट ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते; तेथे तिची उंची अल्प असते. उथळ पाण्यात वेग घटतो आणि उंची वाढते. म्हणूनच महासागराच्या एका काठावरील भूकंपाची लाट, धक्का न जाणवलेल्या दुसऱ्या काठावर काही तासांत आदळू शकते.

अमेरिकन किनाऱ्यावरील पुरावे :

भूवैज्ञानिक ब्रायन ॲटवॉटर यांनी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकेकाळची दलदलीची जमीन खचून खाडीच्या चिखलाखाली गेली होती व काही ठिकाणी तिच्यावर समुद्राने आणलेल्या वाळूचा थर होता. १९९६ मध्ये केंजी सताके व सहकाऱ्यांनी जपानी नोंदींवरून लाटेच्या प्रवासाचा काळ उलटा मोजून भूकंपाची तारीख व वेळ सुचविली. पुढच्याच वर्षी, खाऱ्या पाण्याने मेलेल्या देवदारसदृश वृक्षांच्या वाढीच्या वलयांवरून, ते ऑगस्ट १६९९ ते मे १७०० या काळात मेल्याचे सिद्ध झाले. दोन स्वतंत्र साधने एकाच हिवाळ्याकडे बोट दाखवीत होती.

व्हँकूव्हर बेटावरील हू-आय-आट लोकांच्या मौखिक परंपरेत हिवाळ्यातील एका रात्री पचीना उपसागराकाठची वस्ती नष्ट झाल्याची व उंचावरील लोक वाचल्याची आठवण टिकून होती. दीर्घकाळ तिला केवळ दंतकथा मानले गेले.

निष्कर्ष :

नोंद नाही म्हणजे घटना नाही, हे गृहीतक या प्रकरणी घातक ठरू शकले असते. १९८० च्या दशकापर्यंत अनेक तज्ज्ञ या किनाऱ्याला महाभूकंपाचा धोका मानत नव्हते. १७०० च्या घटनेने तेथील धोक्याचे मूल्यमापनच बदलले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालाही हा धडा लागू पडतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. त्यापूर्वीच्या घटनांचा शोध घ्यावयाचा तर कोकणातील दप्तरे, कोळीवाड्यांतील आठवणी व खाड्यांतील गाळ ही साधने एकत्रितपणे अभ्यासणे अगत्याचे आहे. इतिहास व भूविज्ञान या विद्याशाखांतील सहकार्याविना हे कार्य साध्य होणार नाही.