लघुलहरींवरील नामावली : अपहृत जपानी नागरिकांसाठीचे 'शिओकाझे' प्रक्षेपण

श्रोत्यांची संख्या आणि त्यांची पत्रे ही नभोवाणी केंद्राच्या यशाची प्रमाणे मानली जातात. परंतु ज्या केंद्राला त्याच्या अपेक्षित श्रोत्याचे पत्र येण्याचा मार्गच नाही, त्याच्या कार्याचा इतिहास कोणत्या पुराव्यावर लिहावा? जपानमधून उत्तर कोरियाच्या दिशेने होणाऱ्या 'शिओकाझे', म्हणजे 'समुद्रवारा', या लघुलहरी प्रक्षेपणाचा अभ्यास करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

१५ नोव्हेंबर १९७७ रोजी निगाता शहरात शाळेतून घरी परतणारी १३ वर्षांची मेगुमी योकोता नाहीशी झाली. १७ सप्टेंबर २००२ रोजी पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी प्योंगयांगला गेले, तेव्हा उत्तर कोरियाने अशा १३ अपहरणांची कबुली दिली. त्यांपैकी ५ जण ऑक्टोबरमध्ये मायदेशी परतले. मेगुमीसह ८ जण मृत असल्याचे सांगण्यात आले, ते जपानने मान्य केलेले नाही. जपान सरकारच्या मते अपहृत १७ आहेत. या प्रश्नावर २००३ मध्ये स्थापन झालेल्या एका खाजगी शोध समितीने मात्र सुमारे ४७० बेपत्ता व्यक्तींची यादी केली आणि ३० ऑक्टोबर २००५ पासून तिचे प्रक्षेपण सुरू केले.

प्रक्षेपणाचे स्वरूप अत्यंत साधे आहे. बेपत्ता व्यक्तीचे नाव, वय, नाहीसे होण्याची तारीख व परिस्थिती वाचली जाते. कुटुंबीयांचे निरोप ऐकविले जातात. यादीतील काही व्यक्ती पुढे जपानमध्येच सापडल्या, म्हणजे ही नामावली निर्विवाद नव्हे. तरीही एखादे नाव गाळण्याचा धोका ते वाचण्याच्या धोक्यापेक्षा मोठा, हा समितीचा विचार समजण्याजोगा आहे.

उत्तर कोरियात रेडिओसंच सरकारी केंद्रावरच लागतील असे बंदिस्त केलेले असतात आणि परकीय केंद्र ऐकणे हा गुन्हा आहे. मात्र लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन सीमा ओलांडतात आणि चोरून बाळगलेला लहान संचही त्या पकडू शकतो. प्रारंभी परदेशी प्रक्षेपक वापरावे लागले; २००७ पासून जपानमधील यामाता केंद्राचा उपयोग होऊ लागला. २००६ मध्ये सरकारने सार्वजनिक प्रसारण संस्थेला अपहरणांच्या विषयावर भर देण्याचा आदेश दिला, त्यावरून प्रसारणस्वातंत्र्याचा वाद उद्भवला. पुढच्याच वर्षी सरकारने 'फुरुसातो नो काझे' हे स्वतःचे प्रक्षेपण आरंभिले.

मूळ प्रश्नाचे एक उत्तर विरोधकानेच पुरविले. उत्तर कोरियाने याच कंप्रतेवर गोंगाट सोडण्यास सुरुवात केली आणि शिओकाझेला कंप्रता बदलत राहावे लागले. कोणीच ऐकत नसेल, तर एवढी वीज कशासाठी खर्च करावी? दुसरा पुरावा दूरदेशीच्या हौशी श्रोत्यांचा. वेळ, कंप्रता आणि स्पष्टता नोंदवून ते अहवाल धाडतात आणि त्यांना पोचपत्र मिळते. अर्थात आवाज हवेत उमटला, एवढीच त्यांची साक्ष. तो प्योंगयांगमधील एखाद्या खोलीत पोहोचला की नाही, हे त्यांना सांगता येत नाही.

येथे एक जुना प्रसंग आठवतो. दुसऱ्या महायुद्धात टोकियोहून अमेरिकन युद्धकैद्यांची नावे व निरोप प्रक्षेपित होत, आणि अमेरिकेतील हौशी श्रोते ते टिपून कैद्यांच्या घरी कळवीत. हेतू प्रचाराचा होता; पण माणूस जिवंत असल्याची वार्ता घरी पोहोचत असे. शिओकाझेत दिशा उलटली आहे : घर बोलते आणि कैदी ऐकतो, असे गृहीत धरावे लागते.

मेगुमीचे वडील शिगेरू २०२० मध्ये निवर्तले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केइको आरिमोतो हिच्या वडिलांचे निधन झाले, तेव्हा सरकारी यादीतील न परतलेल्यांच्या आईवडिलांपैकी १९३६ साली जन्मलेल्या मेगुमीच्या आई साकिए याच एकट्या मागे उरल्या.