अल्पोर्ट सिंड्रोम : एका कुटुंबाने उलगडलेला किडनीचा आजार

लघवीतून रक्त जाणे आणि ऐकू कमी येणे यांचा एकमेकांशी काय संबंध? हा संबंध डॉक्टरांच्या लक्षात आला तो एका इंग्लिश कुटुंबामुळे.

1902 मध्ये लंडनचे डॉ. लिओनार्ड गथ्री यांनी या कुटुंबातील अनेकांच्या लघवीत रक्त जात असल्याची नोंद केली. पुढे त्याच कुटुंबाच्या तीन पिढ्या डॉ. सेसिल अल्पोर्ट यांनी तपासल्या. 1927 मध्ये त्यांनी दोन महत्त्वाची निरीक्षणे मांडली. किडनीच्या आजारासोबत बहिरेपणाही येतो. आणि पुरुष तरुणपणीच दगावतात, तर स्त्रिया बहुधा म्हातारपणापर्यंत जगतात. 1961 मध्ये या आजाराला त्यांचे नाव मिळाले.

कारण मात्र 1990 मध्ये सापडले. किडनीतील गाळणीच्या पडद्याला मजबुती देणारे ‘कोलॅजन 4’ नावाचे प्रथिन या रुग्णांत सदोष असते. हेच प्रथिन कानात आणि डोळ्यातही असते, म्हणून तिन्ही अवयवांना त्रास होतो. बहुतेक कुटुंबांत हा दोष एक्स गुणसूत्रावरील जनुकात असतो. पुरुषाकडे एकच एक्स असल्याने त्याला आजार तीव्र होतो. स्त्रीकडे दुसरा एक्स थोडीफार बाजू सांभाळतो.

यातून एक गैरसमज रूढ झाला : स्त्रिया फक्त ‘वाहक’ असतात, त्यांना काही होत नाही. प्रत्यक्षात त्यांच्याही लघवीत बहुधा रक्त असते आणि काहींची किडनी पुढे निकामी होते. आपल्याकडे मुलाला किडनी द्यायला बऱ्याचदा आईच पुढे येते. अशा वेळी तिची स्वतःची तपासणी नीट झाली नाही, तर नुकसान तिचे होते.

लक्षात ठेवा :

- लहान मुलाच्या लघवीत वारंवार रक्त आढळले, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. रक्त डोळ्यांना दिसेलच असे नाही. साध्या लघवी तपासणीत ते कळते.
- घरात कुणाला डायलिसिस लागले होते का, कुणाला कमी वयात ऐकू येईनासे झाले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- रुग्णाची आई, बहिणी, मुली यांचीही तपासणी करून घ्या.

आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. पण लघवीतून प्रथिने जाणे कमी करणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्या वेळेवर सुरू केल्या, तर डायलिसिसची वेळ काही वर्षे पुढे ढकलता येते. म्हणूनच निदान लवकर व्हायला हवे. अल्पोर्ट यांना तीन पिढ्या तपासून जे कळले, त्याची सुरुवात आज घरातल्या मोठ्यांना विचारलेल्या दोन प्रश्नांनी होऊ शकते.