सरकलेला मणका : एका वाक्याचा प्रवास

काही वर्षांपूर्वी डाव्या कुल्ल्यातून निघून मांडी, पोटरी करत थेट करंगळीपर्यंत जाणारी एक कळ माझ्या मुक्कामाला आली. मावशी म्हणाली, शीर आखडली आहे, एखादा पायाळू गाठ आणि पाठीला त्याचा पाय लावून घे. शेजारचे मास्तर म्हणाले, मणक्यात गॅप आला असणार. आणि शहरात नव्याने पाटी लावलेल्या कायरोप्रॅक्टरने पाठीवरून बोटे फिरवून सांगितले, 'मणका सरकलाय, बसवून देतो.' मावशीचे आणि मास्तरांचे म्हणणे ओळखीचे होते. तिसऱ्या वाक्याचा उगम शोधावा, असे अंथरुणावर पडल्या पडल्या वाटले. दुसरे करण्यासारखे काही नव्हतेही.

कळ मात्र जुनी आहे. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात. या दुखण्याचा माणूस गिधाडासारखा चालतो म्हणून हे नाव पडले, असे टीकाकार सांगतात, आणि स्वतः तसे चालून पाहिलेल्याला ते पटते. चरकाने वेदना कुल्ल्यापासून पावलापर्यंत कशी उतरते तो क्रम दिला आहे. उपचारांत शिरावेध, बस्ती आणि डाग देणे येते. सुश्रुताचे निरीक्षण मला अधिक चकित करते : या रोगात मांडी उचलण्याची क्रियाच अडते, असे तो नोंदवतो. आज डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून सरळ पाय वर उचलतात आणि कुठे कळ येते ते पाहतात. या चाचणीला पॅरिसच्या लासेगचे नाव आहे, पण ती छापली त्याच्या विद्यार्थ्याने, १८८१च्या प्रबंधात. त्याच्या एक वर्ष आधी बेलग्रेडच्या लाझा लाझारेविचने तिचे वर्णन केले होते. हा लाझारेविच सर्बियन वाङ्मयातला नामवंत कथाकार. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्योने १७६४ साली खुब्याच्या सांध्याचे दुखणे आणि नसेचे दुखणे वेगळे काढले. नस दुखते, हे ठरले. ती का दुखते, हे पुढची १७० वर्षे नीट ठरले नाही. 'मणका सरकलाय' या वाक्याला जागा मिळाली ती याच पोकळीत.

वाक्याचा जनक डॅनियल डेव्हिड पामर. जन्म १८४५, कॅनडातला. अमेरिकेत येऊन त्याने मास्तरकी केली, किराणा विकला आणि शेवटी मिसिसिपीकाठच्या डेव्हनपोर्ट गावात हात फिरवून 'चुंबकीय' उपचार करू लागला. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने इमारतीचा सफाई कामगार हार्वे लिलार्ड याच्या पाठीचा एक मणका दाबून बसवला आणि १७ वर्षे बहिरा असलेल्या लिलार्डला ऐकू येऊ लागले, ही कायरोप्रॅक्टिकची जन्मकथा. लिलार्डच्या मुलीने सांगितलेली हकीकत वेगळी आहे : चाललेल्या विनोदावर खूश होऊन पामरने वडिलांच्या पाठीत थाप मारली, एवढेच. कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या कण्यातून जातच नाही. म्हणजे ज्या शास्त्राकडे आज जग कंबर घेऊन जाते, त्याचा पहिला रुग्ण कानाचा होता, आणि तोही न जुळणारा.

पामरला त्याची फिकीर नव्हती. मणका सरकतो, नस दबते, रोग होतो. १९१०च्या ग्रंथात त्याने १०० पैकी ९५ रोग या एका कारणावर टाकले. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये तो तुरुंगातही गेला. माझ्या मते तुरुंगाने या पंथाचे जितके भले केले तितके त्याच्या सिद्धांताने केले नाही; हुतात्म्याला पुरावा कोण विचारतो?

१९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी दाखवले, की दोन मणक्यांमधली चकती फाटून तिचा गाभा बाहेर येतो आणि नसेच्या मुळावर बसतो. त्याआधी शस्त्रक्रियेत सापडणाऱ्या या तुकड्यांना गाठ समजत असत. इथे गंमत पाहा. पामरच्या ९५ रोगांपैकी ज्या एका दुखण्यात नस खरोखर कण्यापाशी दबते, ते हे. पण दाबणारे हाड नव्हते. हाताने ढकलून चकतीचा गाभा आत जात नाही आणि तो 'कड्' आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा असतो.

मग गुण येतो तो कशाने? २००६ साली रोमच्या परिसरातल्या १०२ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. सर्वांच्या चकत्या बाहेर आलेल्या होत्या. खरे उपचार मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांची पायातली कळ पूर्ण गेली, खोटे उपचार मिळालेल्यांत २० टक्क्यांची. चाचणी लहान आहे, पण झटकून टाकण्याजोगी नाही. आणि त्या २० टक्क्यांकडेही पाहायला हवे. बाहेर आलेला गाभा शरीर कित्येकदा स्वतःच आठवड्यांत-महिन्यांत शोषून घेते.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ पासून हा पंथ संपवण्यासाठी समितीच नेमली होती. शिकागोच्या चेस्टर विल्क आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी असोसिएशनचा बहिष्कार बेकायदा ठरवला. कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे, असा शिक्का मात्र त्यांनी दिला नाही. पाट्यांवर पहिला भाग सांगतात.

मी दोनदा मणका बसवून घेतला. पहिल्या वेळी उठताना बरे वाटले, संध्याकाळी कळ परतली. मात्र एक प्रश्न तिथे कुणी विचारला नाही : लघवी अडते का, बैठकीच्या जागी बधिरपणा आहे का? तसे असेल तर नसांचा अख्खा जुडगा चेपलेला असू शकतो. मग पाठीला कुणाचा हात लागू न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. हा प्रश्न मला नंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी विचारला. सुदैवाने उत्तर नाही असे होते.

नवव्या आठवड्यात पाय सरळ वर उचलला. तोवर मावशीने शोधून आणलेल्या पायाळू मुलाने, सात वर्षांच्या, माझ्या पाठीला तीनदा पाय लावून झाला होता. मावशी अजून त्याचेच नाव घेते.