स्पॅनिश भाषेतील लैंगिक कल व लिंगभावविषयक शब्द

स्पेन, लॅटिन अमेरिका व इतर स्पॅनिश भाषक प्रदेशांत समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी इत्यादी व्यक्तींसाठी रूढ असलेली शब्दसंपदा. ही भाषा वीसेक देशांची राजभाषा आहे. त्यामुळे एका देशातली शिवी दुसऱ्या देशात मित्राला मारायची हाक ठरते, तर तिसऱ्या देशात कायद्याच्या कलमात छापली जाते. कोणत्याही एका शब्दकोशाच्या आधारे या शब्दांचा अर्थ लावणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

‘ओमोसेक्सुआल’ हा शब्द वैद्यक आणि फौजदारी कायदा यांच्या वाटेने रुळला. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने 1954 मध्ये भटक्या व उनाड लोकांविरुद्धच्या कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी पुरुषांचा त्यात नावानिशी समावेश केला. अनेक चळवळींना या शब्दापेक्षा ‘गे’ जवळचा वाटला, त्यामागे हेही एक कारण असावे. स्पॅनिश अकादमीने त्याचा उच्चार ‘गाय’ आणि अनेकवचन ‘गाइस’ करावे असे सुचवले. लोक बहुधा ‘गेइ’च म्हणतात.

बोलीतले शब्द याहून जुने आणि बोचरे आहेत. ‘मारिका’ हे ‘मारिया’ या नावाचे लघुरूप, आणि त्याला मोठेपणाचा प्रत्यय लागून ‘मारिकोन’ झाले. कोवार्रुबियासच्या 1611 च्या कोशात हा शब्द बायकी पुरुषासाठी नोंदला आहे. स्पेनमध्ये ‘मारिकोन’ आजही जखम करतो. कोलंबियात मात्र तरुण मुले-मुली एकमेकांना वाक्यागणिक ‘मारिका’ म्हणतात आणि त्याचा लैंगिकतेशी संबंध असेलच असे नाही. समलिंगी पुरुषाला मेक्सिकोत ‘होतो’ म्हणतात, तर पोर्तो रिकोत ‘पातो’, म्हणजे बदक. समलिंगी स्त्रियांसाठीच्या शब्दांत स्वयंपाकघराचा वास येतो: ‘तोर्तियेरा’ म्हणजे तोर्तिया करणारी, व्हेनेझुएला-कोलंबियात ‘आरेपेरा’ म्हणजे मक्याच्या आरेपा करणारी, स्पेनमध्ये ‘बोयेरा’ म्हणजे पाव-बन विकणारी. अर्जेंटिनातल्या समलिंगी स्त्रियांनी केकवाचक ‘तोर्ता’ हा शब्द स्वतःसाठी उचलला आणि अभिमानाने मिरवला.

मेक्सिकोत तर एका आकड्याची शिवी झाली. नोव्हेंबर 1901 मध्ये मेक्सिको शहरातील एका खाजगी नृत्यसमारंभावर पोलिसांनी धाड घातली. पकडलेल्या 41 पुरुषांपैकी सुमारे निम्मे स्त्रीवेशात होते. चित्रकार पोसादाच्या छापचित्रांनी प्रकरण घरोघरी पोहोचवले आणि ‘क्वारेन्ता इ उनो’, म्हणजे एक्केचाळीस, हा शब्द समलिंगी पुरुषाचा पर्याय बनला. दडपशाहीच्या काळात सांकेतिक शब्दही वाढले. स्पेनमध्ये ‘एन्तेन्देर’, अर्थात ‘समजणे’, या क्रियापदाने माणूस आपल्यातला आहे का याची चाचपणी होई. ओळख उघड करण्याला स्पॅनिशमध्ये ‘कपाटातून बाहेर येणे’ म्हणतात. कपाटासाठी स्पेनचा शब्द ‘आर्मारिओ’, लॅटिन अमेरिकेचा बहुधा ‘क्लोसेत’.

सर्वाधिक वाद आहे तो ‘त्रावेस्ती’ या शब्दावर. स्पेनमध्ये तो स्त्रीवेश घेणाऱ्या कलाकाराकडे निर्देश करतो आणि पारलिंगी स्त्रीला उद्देशून वापरल्यास अपमानास्पद ठरतो. अर्जेंटिनात कार्यकर्ती लोहाना बेर्किन्स (1965–2016) आणि तिच्या सहकाऱ्यांनी हाच शब्द राजकीय ओळख म्हणून स्वीकारला. आपण पुरुष नाही, पण ‘स्त्री’ या साच्यातही बसू इच्छित नाही, ही त्यामागची भूमिका. तिच्या संघटनेच्या नावातच तो होता. नोंदणी नाकारली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2006 मध्ये निकाल संघटनेच्या बाजूने लागला. 2012 च्या लिंगओळख कायद्याने न्यायालयाच्या परवानगीवाचून आणि वैद्यकीय तपासणीवाचून कागदपत्रांतील नाव व लिंग बदलता येऊ लागले. 2021 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान एक टक्का जागा राखल्या. त्यात ‘त्रावेस्ती’, ‘त्रान्सेक्सुआल’ आणि ‘त्रान्सहेनेरो’ हे तीन शब्द शेजारी शेजारी येतात. ते समानार्थी नाहीत हे कायद्यानेच मान्य केले. चिलीचा लेखक पेद्रो लेमेबेल याने ‘लोका’, म्हणजे ‘वेडी’, या हिणकस शब्दाला साहित्यात असेच स्थान मिळवून दिले. मेक्सिकोतील ओआहाका राज्यातल्या झापोतेक समाजातील ‘मुशे’ (पुरुष म्हणून जन्मलेल्या, पण स्त्रीसुलभ भूमिका स्वीकारणाऱ्या व्यक्ती) ही ओळख मात्र या चौकटीत कोंबू नये. शब्द स्पॅनिश ‘मुहेर’ (स्त्री) वरून आला असे सामान्यतः मानतात, परंतु ती सामाजिक भूमिका झापोतेकांची आहे.

अलीकडचा झगडा व्याकरणाशी आहे. मराठीत ‘मी आलो’, ‘मी आले’ असे क्रियापदच बोलणाऱ्याचे लिंग सांगते. स्पॅनिशमध्ये ते विशेषण सांगते: थकलेला पुरुष ‘कान्सादो’, थकलेली स्त्री ‘कान्सादा’. नामांना मराठीसारखे नपुंसकलिंगही नाही. यावर उपाय म्हणून ‘ए’ हा प्रत्यय पुढे आला: ‘तोदोस’, ‘तोदास’ यांच्या जोडीला ‘तोदेस’, आणि सर्वनाम ‘एये’. लिंगदर्शक स्वराच्या जागी लिखाणात वापरले जाणारे ‘@’ आणि ‘एक्स’ उच्चारता येत नव्हते. ‘ए’ सहज तोंडात बसला, म्हणूनच तो टिकला. अकादमीने ऑक्टोबर 2020 मध्ये ‘एये’ची नोंद आपल्या संकेतस्थळावरील शब्दनिरीक्षण विभागात केली आणि काही दिवसांतच काढून टाकली. अर्जेंटिनाने 2021 पासून ओळखपत्रावर ‘एक्स’ हा पर्याय दिला. 2022 मध्ये ब्वेनोस आयरेस शहराने शाळांतून ‘ए’ला बंदी केली आणि 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष मिलेई यांच्या सरकारने राष्ट्रीय प्रशासनातूनही ही भाषा हद्दपार केली.