मेळघाटमार्गे सीमेपलीकडे : आधी मुक्काम ठरवा, मग गाडी काढा

आसेगाव (जि. वाशीम) : पश्चिम विदर्भातून मध्य प्रदेशात जाणारी एक वाट सातपुड्याच्या कुशीतून, मेळघाटच्या अरण्यातून जाते. मंगरुळपीर तालुक्यातील आसेगावहून निघालेली गाडी कारंजा, अमरावती करीत परतवाड्यापर्यंत सपाटीवरून धावते. पुढे घाट लागतो. सेमाडोह, हरिसाल, धारणी अशी गावे मागे टाकीत रस्ता बऱ्हाणपूर व खंडव्याच्या दिशेने सीमा ओलांडतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण लांबीने खुला झाला आणि मोठ्या शहरांतील पर्यटकांनाही कारंजापर्यंत येणे सोपे झाले. मात्र, समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा असते; त्या वेगाची सवय घाटात घातक ठरू शकते.

उजेडाचे गणित

या प्रवासात किलोमीटरपेक्षा उजेडाचा हिशेब महत्त्वाचा. डिसेंबरात या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीतील घाटात त्याआधीच अंधारून येते. वळणावर समोरून येणारे वाहन, रस्त्यावर बसलेली गुरे, अचानक आडवे येणारे रानडुक्कर वा सांबर यांचा अंदाज रात्री येत नाही. त्यामुळे दुपारपूर्वी परतवाडा सोडावे व अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचावे. उशीर झाल्यास परतवाड्यातच रात्र काढणे शहाणपणाचे. इंधनाची टाकी तेथेच भरावी. जादा चाक, जॅक, विजेरी व पिण्याचे पाणी तपासून घ्यावे. जंगलात मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. वनक्षेत्रातील वाहतुकीच्या वेळा व निर्बंध हंगामानुसार बदलतात. त्यांची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

तंबू कोठे ठोकावा?

मेळघाट हा १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात पर्यटनासाठी शिरण्यास परवाना लागतो. रस्त्यालगत मोकळी जागा दिसली म्हणून तेथे तंबू ठोकता येत नाही. सेमाडोह, कोलकास, शहानूर येथे वन विभागाची निवासव्यवस्था आहे. तिचे आरक्षण निघण्यापूर्वी करावे. चिखलदऱ्यात हॉटेलांचाही पर्याय आहे. अरण्याबाहेर खासगी जागेत तंबू लावायचा झाल्यास मालकाची परवानगी आणि गावकऱ्यांचा सल्ला घ्यावा. महाराष्ट्रातील वन परवाना मध्य प्रदेशच्या हद्दीत चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नदीच्या पात्रात मुक्काम करू नये. सिपना, खापरा, गाडगा या नद्या डोंगरातून उतरतात. वरच्या अंगाला पाऊस झाला, की खाली आभाळ कोरडे असतानाही पाणी चढू शकते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात आणि ती वेचण्यासाठी अस्वले येतात. त्या दिवसांत मोहाच्या झाडाजवळ थांबू नये, पहाटे एकट्याने फिरू नये. उरलेले अन्न तंबूबाहेर टाकू नये. थंडी कितीही असली तरी बंद तंबूत शेगडी पेटवू नये, की काचा चढवून इंजिन सुरू ठेवलेल्या गाडीत झोपू नये; त्यातून निघणारा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

शेकोटीचा मोह टाळा

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा राज्यात वणव्यांचा हंगाम मानला जातो. या काळात सागाची वाळलेली पाने जमिनीवर पसरलेली असतात आणि एका ठिणगीने डोंगर पेटू शकतो. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. या जंगलातील मोहफुले व तेंदूपाने यांवर कोरकू कुटुंबांचे दोन पैसे अवलंबून असतात. पर्यटकाची विझायची राहिलेली शेकोटी त्यांचा हंगाम बुडवू शकते. विडी-सिगारेटचे थोटूकही गाडीबाहेर टाकू नये.

मदत मागताना

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये वा वर घट्ट दोरी बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला शक्य तितक्या लवकर प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. पोलीस व अन्य तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महाराष्ट्रात वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक आहेत. निघताना मार्ग, मुक्कामाचे ठिकाण व पोहोचण्याची वेळ घरी लिहून द्यावी. ठरल्या वेळी निरोप न आल्यास कोणाला कळवायचे, तेही सांगून ठेवावे.

फोनवर ठिकाण सांगताना तालुका व जिल्हा यांचा उल्लेख अवश्य करावा. या एकाच प्रवासात दोन आसेगावे येतात : एक मंगरुळपीर तालुक्यातील, तर दुसरे अमरावती-परतवाडा मार्गावरील, चांदूरबाजार तालुक्यातील आसेगाव पूर्णा. शिवाय वाशीम जिल्ह्यातच रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे. ‘आसेगावजवळ अपघात झाला’ एवढेच सांगितले, तर रुग्णवाहिका भलत्याच जिल्ह्यात शोध घेत राहील. जवळचा किलोमीटरचा दगड, पूल किंवा मागे टाकलेले गाव सांगितल्यास मदत लवकर पोहोचते.