पद्मिनीच्या कार्बोरेटरची विद्या

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडायची. तीच पुढे पद्मिनी झाली. याच गाड्यांवर मी मिस्त्रीकाम शिकलो.

गाडी स्लोवर थरथरायला लागली की माझे उस्ताद तापल्या इंजिनावर हवा कमी करणारा चोक जरासा ओढायला सांगत. इंजिन सावरलं, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय, हे ठरलं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. त्यापुढे मिश्रण पातळ. मग प्लग काढायचे: पांढरट टोक म्हणजे पातळ, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, बदामी म्हणजे बरोबर. पुढे तपासायचं ते मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॅक्यूमची नळी, थ्रॉटलची झिजलेली दांडी, कचऱ्याने तुंबलेला स्लो जेट. मिक्श्चरच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी, तोही पाव-पाव आट्याने.

इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर हवा-पेट्रोलचं हे माप कार्बोरेटरकडून संगणकाकडे गेलं. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. पण घरोघरी जपलेल्या जुन्या गाड्या अजून आहेत. त्यांच्या मालकांना माझं सांगणं आहे: जुना मिस्त्री शोधा आणि त्याच्याजवळ एखादा तरुण शिकायला बसवा.